डाव्या अंगाचा

आधी तो नुसती मान झटकायचा.
माश्या असतील, मन्मथअप्पा म्हणाले.
मग एका सकाळी गोठ्याच्या भिंतीवर लाल शिंतोडे,
कुणी पान खाऊन थुंकल्यासारखे,
आणि त्यांच्या घरात पान कुणीच खात नाही.

उजवं शिंग हळूहळू कलत गेलं,
उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं.
तेव्हा आणला त्याला आमच्या दवाखान्यात,
देवणीच्या अलीकडून आठ किलोमीटर, पायी,
कारण टेम्पोत चढायला तो तयार नव्हता
आणि अप्पाही.

मी इथला परिचर. सव्वीस वर्षं कासरे धरतोय.
कागदावर माझं काम: झाडलोट, नोंदवही, जनावर आवरणे.
आवरणे.
या शब्दाला लाथ बसते, शेपटीचा फटका बसतो,
हे कागद करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

पटेल मॅडमनी शिंगाच्या बुडाशी बोटं फिरवली,
डोळे मिटून, भाकरीचं पीठ बघावं तशी.
कॅन्सर आहे, म्हणाल्या. मुळापासून काढावं लागेल.
"शेंबीपुरतं कापून भागंना का?"
नाही भागणार, अप्पा.
अप्पा बराच वेळ शेंबीकडे बघत राहिले.
पितळेची. कालच घासलेली दिसत होती.

लिंबाखाली ताडपत्री,
ताडपत्रीखाली सोयाबीनच्या भुसकटाची पोती.
कालपासून उपाशी होता, तरी आडवा करायला चौघे लागलो.
डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाकडे हाडाची एक कड जाते,
तिच्याखाली सुई.
मग वाट बघायची, पापणी कधी पडते त्याची.
पापणी सैल पडली
की शिंगाला काही कळत नाही म्हणतात.
बाकीच्या बैलाला किती कळतं
ते कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही.

"दुखायलंय का हो त्याला?"
अप्पा जीपच्या पलीकडे, पाठ करून बसलेले,
नवी मोरखी वळत.
न्हाई, मी ओरडलो.
त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं
आणि मांडी थरथरत होती, त्याची की माझी.

तारेची करवत. दोन टोकांना दोन मुठी.
मॅडम ओढतात, मी वरून पाणी सोडतो,
तरी वास सुटतोच,
न्हाव्यानं केस जाळल्यासारखा.
तार आत आत जाते,
आणि मग एकदम ओढायला काहीच उरत नाही.

शिंग पडलं. आत फुलकोबीसारखं मांस.
एक तुकडा बाटलीत, उदगीरच्या कॉलेजला.

आणि जिथं शिंग होतं तिथं भोक.
त्यातून श्वास येत होता.
नाकातून येतो तोच,
गरम, ओला, कपाळातून.
सव्वीस वर्षांत मी हे कितीदा पाहिलंय,
तरी हात जातोच.
तळहात धरला वर.
आला. गेला. आला.
"मामा, हात काढा, शिवायचंय."

चामडीच्या दोन पाकळ्या ओढून मॅडमनी तोंड मिटवलं.
अकरा टाके. वर पट्टी.
माश्यांसाठी कडेनं मलम.
मी नोंदवहीत लिहिलं: बैल एक, शिंग काढले, स्थिती बरी.
अप्पांनी शिंग मागितलं नाही.
शेंबी मागितली.
मी पकडीनं काढून, धुऊन दिली.

बाराव्या दिवशी टाके काढले.
उदगीरचा कागद त्यानंतर आला.
मॅडम म्हणाल्या, दोन महिने काम नको,
आणि पुढं जुंपाल तेव्हा बाजू बदला;
डाव्या अंगाला राहिला
तर जोडीदाराचं शिंग नेमकं जखमेवर घासेल.
अप्पा हसले. पहिल्यांदाच.
"नऊ वर्षं डाव्या अंगाचा हाय, मॅडम.
त्याला उजवं ठाऊकच न्हाई."

परवा खताला आले होते, तेव्हा भेटले.
कसा आहे विचारलं.
खातो, म्हणाले. चालतो. तास मातर वाकडं जातं.
सकाळी दोघांना सोडलं
की आपापल्या जुन्या बाजूला जाऊन उभे राहतात.
"मग?"
मग काय.
मी जू धरून थांबतो, म्हणाले,
बघत असतात दोघं माझ्याकडं,
आन् मला सांगता येईना.